आबा नरम पडले

मानवी मेंदू हा या विश्वातला सर्वांत गहन पदार्थ असून माणसाचं माणूसपण त्यातच वसलेलं आहे.

हे वाक्य माझं नाही. लातूरमधल्या एका मेंदूच्या दवाखान्यात ते काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरून जिन्याजवळ लावलं आहे, आणि त्याच्या बरोबर खाली चपला ठेवायचा रॅक आहे. त्या रॅकसमोरच्या बाकावर मी बरेच दिवस बसलो, त्यामुळे वाक्य पाठ झालं. त्यातला 'गहन' मी सोडून देतो. पाटीवर तसं लिहावंच लागतं. पण 'पदार्थ' हा शब्द मला सोडेना. मी नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात पदार्थांची ताकद हा विषय शिकवतो. पदार्थ म्हटला की आम्ही दोनच गोष्टी विचारतो. दाबल्यावर तो कसा वागतो? आणि दाब काढल्यावर पूर्वीच्या आकारात येतो का? हे प्रश्न मी आयुष्यभर लोखंडाला आणि काँक्रीटला विचारले. वडिलांबद्दल विचारायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या थोरल्या भावाकडे राहतात आणि अजून रोज रानात जातात. माझी बायको दुसऱ्या जातीतली आहे. आम्ही लग्न केलं तेव्हा आबांनी आरडाओरडा केला नाही, घराचं दार बंद केलं नाही, बैठक बोलावली नाही. त्यांनी फक्त आमच्या घरात काही खायचं-प्यायचं नाही असं ठरवलं, आणि हेही बोलून दाखवलं नाही. नांदेडला काम निघालं की ते आमच्याकडे यायचे. व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. पिशवीत गावाहून भरून आणलेली पाण्याची बाटली असायची. बायको चहा घेऊन आली की कपाकडे न बघता म्हणायचे, "आत्ताच झाला."

आत्ताच झाला. हे दोन शब्द ज्याला माहीत नाहीत त्याला त्यांतली सफाई कळणार नाही. भांडण नाही, अपमान नाही, जातीचा उल्लेख नाही. चहा झालेला आहे, बस. बायको कप आत नेऊन ठेवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा चहा आणायची. मी एकदा तिला म्हटलं, कशाला आणतेस? ती म्हणाली, "त्यांनी नाही म्हणायचं थांबवलं का? मग मी का थांबवू?" ती नायगावच्या पुढच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. एकच प्रयोग पुन्हा पुन्हा करून तोच निकाल आला तरी ती चिडत नाही.

दिवाळी होऊन थंडी सुरू झाली तेव्हा भावाचा फोन आला.

"आबा जरा नरम हायत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नरम म्हंजी नरम. कुनाला काय बोलनात. तुझी आठवण काढायलेत. तुझ्या घरच्यांची बी."

पुढचं सगळं या एका शब्दावर घडलं. आमच्याकडे ताप आलेला माणूस नरम असतो, हट्ट सोडलेला माणूस नरम असतो आणि नीट भाजलेली भाकरीही नरम असते. भावाला यातलं कोणतं म्हणायचं होतं हे मी विचारलं नाही. मला हवं होतं ते मी ऐकलं. आबांनी आठवण काढली, माझी, वर तिची. म्हणजे आबा नरम पडले.

मी गावी जाऊन त्यांना घेऊन आलो. "नांदेडला येता का?" विचारलं तर म्हणाले, "हाव." ज्या माणसाने मला जन्मभर कुठल्याही प्रश्नाला 'न्हाई' सोडून उत्तर दिलं नव्हतं, तो गाडीत मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेरची तूर बघत हसत होता. पिशवीत बाटली नव्हती.

घरी पोचल्यावर बायको चहा घेऊन आली. सवयीने तिने कप अंमळ लांबच धरला होता. आबांनी तो घेतला, बशीत ओतला आणि फुर्र आवाज करत प्यायले. बशी परत देताना म्हणाले, "आजून हाय का?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, कारण चेहरा स्थिर ठेवणं अवघड होतं.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात जे चाललं होतं त्याला मी सुख म्हणत असे. आबा पिठलं मागून खायचे. "माय, तुझ्या हातचं पिठलं आमच्या म्हातारीच्या वानी हाय," असं तिला म्हणायचे. माय! शेजाऱ्यांना ते सांगायचे की आमची सून मास्तरीण हाय, लई हुशार हाय. टीव्हीवर हवामानाचा अंदाज लागला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आम्ही म्हणायचो, शेतकऱ्याचं काळीज. वास्तविक त्या दिवसांत अंदाज चांगलाच असायचा.

एका रविवारी मी त्यांना विष्णुपुरीला धरण दाखवायला नेलं. गोदावरीचं पाणी टेकडीच्या कडेपर्यंत आलं होतं. आम्ही गाड्यावरची भजी घेतली. मी विचारलं, "आबा, आता इथंच राहता का आमच्याकडे?"

"हाव. राहतो की."

मग भजं तोंडात टाकून, पाण्याकडे बघत म्हणाले, "माझं चुकलं बाबा. लेकीसारखी पोरगी. माझं चुकलं."

हे ऐकण्यासाठी मी किती वर्षं वाट बघितली होती हे मी मोजलेलं नाही, पण ते ऐकताना मी काय म्हणेन ते मात्र अनेकदा ठरवलेलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. मी म्हणालो, "आणखी भजी घ्यायची का?" आबा म्हणाले, "हाव."

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुला सांगितलं. मला कुठे सांगितलंय?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. आबा शेजारी जाऊन बसले, एक शेंग हातात घेतली आणि तेच बोलले. जसंच्या तसं, भजी वगळून. ती उठून आत गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातला नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं. वर्षानुवर्षं बाहेर उभं राहिलेल्या माणसाला कोणी 'बस' म्हणावं तसं.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तयार होतं, कारण मला स्पष्टीकरणाशिवाय आनंद होत नाही. आमच्या प्रयोगशाळेत रबराची एक पट्टी ताणून तशीच धरून ठेवायचा प्रयोग आहे. पट्टी तेवढीच ताणलेली असते, पण तिचा प्रतिकार हळूहळू कमी होत जातो. काटा खाली येतो. पोरं ओरडतात, सर, मशीन बिघडली. मशीन बिघडलेली नसते. पट्टीने आतल्या आत जुळवून घेतलेलं असतं. मला वाटलं, आबांचंही तेच झालं. बायकोने वर्षानुवर्षं न चिडता, न थांबता चहाचा कप समोर धरला. दाब तोच राहिला, प्रतिकार विरत गेला. हा सिद्धांत मी मित्रांना सांगितला. वर्गातही नाव न घेता सांगितला. सिद्धांत सुंदर होता. फक्त दाब दुसऱ्याच गोष्टीचा होता.

तो बायकोच्या लक्षात आला.

"आबांची डावी चप्पल आज रस्त्यात राहिली," ती एका संध्याकाळी म्हणाली. "कोपऱ्यापासून घरापर्यंत एका चपलेने आले. त्यांना कळलंच नाही."

"वय झालं आता."

"वय दोन्ही पायांचं झालं असेल ना?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

"परवा कपही डाव्या हातातून निसटला. दाखवून आणू त्यांना."

"अगं, बरे तर आहेत. इतके बरे ते कधीच नव्हते."

"तेच तर म्हणतेय मी," ती म्हणाली.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, मेंदूचं काय असंल तर लातूरलाच न्यायचं, तिथला डॉक्टर आपल्या वळखीचा हाय. ओळख अशी होती की डॉक्टरांचा ड्रायव्हर आमच्या शेजारच्या गावचा होता. नांदेडात डॉक्टरांची वाण नाही. पण भावाच्या मते नांदेडचे डॉक्टर माझे होते आणि लातूरचा डॉक्टर आबांचा. आम्ही लातूरला गेलो. अहमदपूरला भाऊ गाडीत बसला. वाटेत आबांनी बायकोच्या डब्यातली धपाटी खाल्ली. भाऊ ते बघत होता आणि त्याचा चेहरा काही बरा दिसत नव्हता.

डॉक्टर माझ्याच वयाचे, पण माझ्यापेक्षा पुष्कळ खात्रीने बोलणारे. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा मेंदू होता, त्याचे भाग सुटे होत. स्कॅन उजेडावर धरून ते म्हणाले, "हे बघा. कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये, उजव्या बाजूला पुढे, रक्त साचलंय. जुनं आहे. डोक्याला काही लागलं होतं?"

तेव्हा भावाला आठवलं. सोयाबीन भरताना ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा लोखंडी फाळका आबांच्या डोक्याला लागला होता. खोक पडली नव्हती म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. आबांनी टोपी झटकून पुन्हा घातली होती.

"उतारवयात मेंदू आक्रसतो," डॉक्टर म्हणाले. "कवटीपासून सुटतो. मधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. एवढासा धक्काही पुरतो. मग थेंब थेंब."

हे मला चटकन समजलं. आमची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भिंतीच्या पायाशी बोटभर भेग पडते, आणि मग तिथून पाणी मुरतं. नांदेड-लातूरकडची निम्मी घरं याच कारणाने तडकतात.

मी विचारलं, मेंदू मुळात किती कडक असतो? डॉक्टरांना प्रश्न आवडला. नातेवाईक त्यांना सहसा असलं विचारत नसावेत. ते म्हणाले, बरणीतला मेंदू बघून लोकांचा गैरसमज होतो. तो औषधात घालून कडक केलेला असतो. जिवंत मेंदू नुकत्या लागलेल्या दह्यासारखा. बाहेर काढून टेबलावर ठेवला तर स्वतःच्याच वजनाने बसतो. कवटीत पाण्यावर तरंगत असतो म्हणून निभतं. दाबून तो लहान होत नाही, नुसता सरकतो. एकदम धक्का दिला तर कडकपणा दाखवतो आणि फाटतो. हळूहळू दाबलात तर काही म्हणत नाही, जागा देत जातो. इतकी देतो की दाबणारं काही आहे हे आठवडेच्या आठवडे कळत नाही.

"आणि दुखत नाही?"

"मेंदूला स्वतःला काही दुखत नाही."

मी विचारलं, "हा दाब आहे तो भाग... त्याचं काम काय?"

"वागणं. स्वभाव. कुठे काय बोलावं, कशाला नाही म्हणावं. या पेशंट्सच्या स्वभावात फरक पडतो. काही चिडतात. काही अगदी गरीब गाय होतात. सगळ्याला हो म्हणतात, रडतात, माया करतात."

"माया?"

"आम्ही त्याला लक्षण म्हणतो," डॉक्टर म्हणाले, आणि प्लास्टिकच्या मेंदूचा सुटा झालेला भाग जागेवर बसवला.

बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं आणि विचारलं, "ऑपरेशन कधी करता?"

भावाचा मात्र जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन तो मोकळेपणाने म्हणाला, "म्हंजी रगत होतं व्हय! आमाला वाटलं, नांदेडात कुनी कायतरी चारलं."

"चारलं ना," बायको म्हणाली. "पिठलं."

ऑपरेशन मोठं नव्हतं. कवटीला भोक पाडायचं आणि साचलेलं बाहेर काढायचं. मी ग्रॅनाइटच्या पाटीसमोर बसून राहिलो. चपलांच्या रॅकमध्ये आबांची चप्पल होती, डावीचा अंगठा बायकोने सुतळीने बांधून दिलेला. मी त्या वेळी काय मागत होतो हे मला नीट सांगता येत नाही. ते वाचावेत हे तर नक्कीच. पण त्याखाली आणखी एक मागणं होतं, आणि ते कोणापुढे मांडायचं हे कळत नव्हतं. आमच्या विषयात दाब काढल्यावरही उरणारा एक बदल असतो. पदार्थ पूर्ण पूर्वीसारखा होत नाही. वाकलेल्या सळईत थोडा वाक राहतो. थोडा राहावा. बशीभर.

डॉक्टर बाहेर आले. सगळं व्यवस्थित झालं होतं. "इंजिनातून काढलेल्या जुन्या ऑइलसारखं होतं," ते समाधानाने म्हणाले. "चहाचा मोठा कप भरेल एवढं." उपमा त्यांना सहज सुचली असणार.

मेंदू आता हळूहळू वर येईल, असं त्यांनी सांगितलं. आबांना उशी न देता सपाट निजवून ठेवायचं, पाणी भरपूर द्यायचं. इतके दिवस दाबलेला असल्यामुळे तो झटकन उसळत नाही. सावकाश आपली जागा घेतो. त्याप्रमाणे आबा सावकाश वर आले. आधी डाव्या हाताची मूठ वळू लागली. मग त्यांनी भावाला रब्बीच्या ज्वारीबद्दल विचारलं. मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्याचं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकून गप्प बसले. मी भावाकडे बघितलं. भाऊ खूश होता. "आबा आले," तो म्हणाला.

बायकोने दवाखान्याजवळ एक खोली घेतली होती, तिथे गॅस होता. सकाळी ती चहा थर्मासमध्ये भरून आणायची. डॉक्टरांनी आबांना बसायची परवानगी दिली त्या दिवशी तिने कप भरून पुढे केला. यावेळी लांब धरला नव्हता. अगदी जवळ, हाताला हात लागेल असा.

आबांनी विचारलं, "कुणी केला?"

"मी केला, आबा."

डोक्याला पट्टी होती म्हणून त्यांना मान वळवता येत नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आत्ताच झाला."

त्या खाटेपाशी आम्ही घरचे चौघे होतो, आणि सकाळपासून आबांनी पाण्याशिवाय काही घेतलेलं नव्हतं हे चौघांनाही माहीत होतं.

बायकोने कप खाली ठेवला. झाकण लावताना थर्मासचा आटा दोनदा चुकला. मग ती बाहेर गेली. मी मागे गेलो तेव्हा ती जिन्याजवळ उभी राहून ती पाटी वाचत होती.

"मीच म्हटलं ना, दाखवून आणू," ती म्हणाली.

"अगं, आणलं नसतं तर..."

"माहीत आहे मला. आणायलाच हवं होतं. पुन्हा झालं तरी पुन्हा आणीन." मग म्हणाली, "पण त्यांनी निदान शेंगा सोलताना बोलायला नको होतं. भज्यांवरच ठेवायचं होतं."

दगा झाला होता, पण देणारा सापडत नव्हता. आबांवर राग धरावा तर त्यांनी काही दिलं होतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "आबा, नांदेडला आमच्याकडे राहिलात ते आठवतं का?"

"मी? कवा?"

"आपण विष्णुपुरीला गेलो होतो. धरणावर."

त्यांनी विचार केला. "पानी किती व्हतं?"

"भरलं होतं."

"मंग बरं हाय," आबा म्हणाले.

मी खूप शोधलं. उरलेला वाक कुठे सापडतो का ते फोनवर शोधलं, गावी गेल्यावर शोधलं, त्यांच्या बोलण्यात, बघण्यात शोधलं. उरला आहे तो एक खळगा, कपाळाच्या वर उजवीकडे, जिथे भोक पाडलं होतं तिथे. टोपीखाली बोट घातलं तर लागतो. वर्गात रबराच्या पट्टीचा प्रयोग मी अजून घेतो, पण उदाहरण देत नाही. पोरं ओरडली की सांगतो, मशीन बघा, बिघडली असेल.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त पुन्हा साचू शकतं. चाल, झोप, डोकेदुखी यांवर लक्ष ठेवा. आणि स्वभावात काही फरक वाटला, जास्त प्रेमळ वगैरे झाले, तर ताबडतोब घेऊन या.

परवा आबा डोळे तपासायला नांदेडला आले. भावाने त्यांना अहमदपूरला पहाटेच्या एसटीत बसवून दिलं होतं. स्टँडवरून मी त्यांना घरी आणलं. ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले, पिशवीतून बाटली काढून दोन घोट प्यायले आणि तोंड पुसलं. दोन्ही चपला जागेवर होत्या. बायको चहा घेऊन आली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण वाचत नव्हतो.

"आत्ताच झाला," आबा म्हणाले.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, डाव्या पायाकडे बघितलं, आणि तो चहा उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला. तेवढ्यात भावाचा फोन आला. तिनेच घेतला.

"पोचले का आबा?" भाऊ विचारत होता. "कसे हायत? नरम न्हाईत ना?"

"नाही," ती म्हणाली. "अगदी ठणठणीत आहेत."

अहमदपूरहून पहाटे सुटणारी ती एसटी वाटेत चहाला कुठेच थांबत नाही.